धर्मगुरूंवांचून सात पिढ्या

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे स्मरणिकेंत कोणत्या गोष्टी याव्यात हें रूढीनें ठरूनच गेलेलें असतें. देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला, पहिले प्रमुख धर्मगुरु कोण होते, घंटा कोणीं दिली, वेदीस खर्च किती आला, येथील किती मुलगे धर्मगुरु झाले व किती मुली मठांत गेल्या, ह्या सर्वांची नोंद होते. आणि ती व्हावी हें योग्यच आहे, कारण उपकारांचें स्मरण ठेवणें हा ख्रिस्ती माणसाचा धर्म आहे. ह्या स्मरणिकेंतही तो वृत्तांत अन्यत्र आलेला आहे. आम्ही मात्र वाचकांपुढें एका अशा धर्मग्रामाची हकीकत ठेवूं इच्छितों कीं, ज्यास २२० वर्षांहून अधिक काळ धर्मगुरु नव्हता, देऊळ नव्हतें, घंटा नव्हती, आणि स्मरणिका तर नव्हतीच. कारण तेथें ख्रिस्ताचें नांव कागदावर लिहून ठेवणें म्हणजे साऱ्या कुटुंबाचा जीव धोक्यांत घालणें होतें.

जगाच्या इतिहासाचीं जीं पुस्तकें शाळांतून शिकविलीं जातात, त्यांत जपानची कथा बहुधा १८५३ सालापासून रंगते. त्या सालीं अमेरिकन आरमाराचा अधिकारी पेरी हा आपलीं काळीं जहाजें घेऊन त्या देशाच्या दाराशीं आला, दार उघडलें, आणि थोड्याच वर्षांत जपान बलाढ्य राष्ट्र झालें. त्यापूर्वीं दोन शतकांहून अधिक काळ तें दार बंद होतें, एवढें एक वाक्य लिहून इतिहासकार पुढें जातात. परंतु त्या बंद दाराच्या आंत, नागासाकी शहराजवळच्या उराकामी नांवाच्या खेड्यांत व आसपासच्या किनाऱ्यांवर आणि बेटांवर, गरीब शेतकरी व कोळी लोकांनीं जें केलें त्यास जगाच्या इतिहासांत जोड सांपडणें कठीण आहे. राजांच्या लढाया व तह यांच्या गर्दींत ही गोष्ट मागें पडली. ती आज आम्ही सांगणार आहों, आणि ती आपल्या वसईशीं व गोव्याशीं कशी जडलेली आहे तेंही दाखविणार आहों.

जपानांत ख्रिस्ती धर्म गेला तो आपल्याच किनाऱ्यावरून. कागोशिमा येथील आंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ, आपल्या हातून घडलेल्या मनुष्यवधामुळें देश सोडून, मनाच्या शांतीसाठीं संत फ्रान्सिस झेवियर यांस शोधीत मलाक्केस आला. पुढें तो गोव्यास आला, तेथील सेंट पॉल महाविद्यालयांत त्यानें शिक्षण घेतलें, आणि १५४८ सालीं पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणास गोव्याच्या बिशपांच्या हातून त्यास स्नानसंस्कार मिळाला. पुढील वर्षीं, १५ ऑगस्ट १५४९ रोजीं, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशीं, संत झेवियर ह्याच आंजिरोस बरोबर घेऊन कागोशिमा येथें उतरले. ते स्वतः तेथें दोन वर्षांहून थोडे अधिक राहिले. परंतु त्यांनीं पेरलेलें बीज असें फोफावलें कीं, पुढील साठ-पासष्ट वर्षांत जपानांतील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेली असा अंदाज आहे. पोर्तुगीज जहाजांनीं आपल्या भाषेंत जे शब्द आणून टाकले, तेच त्यांनीं जपानी भाषेंतही टाकले. आपण ज्यास पाद्री म्हणतों त्यास जपानी लोक बातेरेन म्हणूं लागले; आपला क्रूस तो त्यांचा कुरुसु; आणि आपला पाव तो त्यांचा पान. एकाच गलबतांतून उतरलेले हे शब्द दोन किनाऱ्यांवरच्या माणसांच्या तोंडीं आजही आहेत.

वादळ आलें तें १५८७ सालीं. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानें मिशनरी लोकांनीं देश सोडून जावें असा हुकूम काढला. कांहीं वर्षें तो हुकूम ढिला राहिला. पण ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथील निशिझाका टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती माणसें क्रुसांवर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलीं. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा साधे प्रापंचिक होते. सर्वांत धाकटा लुदोविको हा अवघा बारा वर्षांचा होता. त्या सव्विसांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई ह्या भूमीची. तरुणपणीं ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानांत राहिले व तेथील भाषा शिकले. मग त्यांनीं व्यापार केला. आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत व्रतस्थ बंधु होऊन १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषे म्हणून पुन्हां जपानांत गेले. त्यांचा सण आपण दरवर्षीं थाटानें पाळतों. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानांत क्वचित् येते. ते धर्मगुरु नव्हते. त्यांनीं कधीं मिस्सा अर्पिली नाहीं; दुसऱ्यांचे शब्द लोकांच्या भाषेंत पोंचविणें हेंच त्यांचें काम होतें, आणि त्या कामावर असतांनाच ते धरले गेले.

हिदेयोशीच्या पश्चात् तोकुगावा घराण्याची सत्ता आली. १६१४ सालीं ख्रिस्ती धर्मास साऱ्या देशांत बंदी झाली, देवळें पाडण्यांत आलीं व धर्मगुरूंस हद्दपार केलें गेलें. जे लपून राहिले किंवा लपून परत आले ते एकामागून एक सांपडले. १० सप्टेंबर १६२२ रोजीं नागासाकींत एकाच दिवशीं पंचावन्न जण मारले गेले. कांहींस जाळलें, कांहींचा शिरच्छेद केला. १६३७-३८ च्या हिंवाळ्यांत शिमाबारा प्रांतांतील शेतकऱ्यांनीं कर व छळ यांस कंटाळून बंड केलें, तें चिरडून टाकण्यांत आलें, आणि १६३९ सालीं पोर्तुगीज जहाजांस बंदरें कायमचीं बंद झालीं. पेद्रो किबे कासुई नांवाचा एक जपानी तरुण १६१४ नंतर देश सोडून मकावमार्गें गोव्यास आला, तेथून खुष्कीच्या मार्गानें इराण व जेरुसलेम करीत रोमपर्यंत पोंचला, १६२० सालीं धर्मगुरु झाला, आणि मग वर्षानुवर्षें खटपट करून आपल्या छळलेल्या लोकांत परत गेला. त्यास १६३९ सालीं एदो येथें, म्हणजे हल्लींच्या टोकियोंत, मारण्यांत आलें. १६४४ सालीं कोनिशी मान्शो हे शेवटचे जपानी धर्मगुरुही मारले गेले. त्यानंतर उघडपणें वा लपून लोकांची सेवा करणारा एकही धर्मगुरु त्या देशांत उरला नाहीं.

सरकारनें जी व्यवस्था केली होती ती इतकी पक्की होती कीं, तींतून मुंगीही निसटूं नये. प्रत्येक कुटुंबाची नोंद एखाद्या बौद्ध मंदिरांत असलीच पाहिजे, असा नियम होता. पांच-पांच घरांचे गट बांधलेले असत, आणि एका घरीं ख्रिस्ती सांपडला तर पांचही घरांस शिक्षा होई. चव्हाट्यावर फलक लावलेले असत. १६८२ सालच्या फलकांवर पाद्री पकडून देणाऱ्यास चांदीचे ५०० तुकडे व व्रतस्थ बंधु पकडून देणाऱ्यास ३०० तुकडे बक्षीस लिहिलेलें होतें. आणि दरवर्षीं नव्या वर्षाच्या आरंभीं नागासाकीच्या लोकांस, लहानथोर सर्वांस, प्रभु येशूच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय देऊन चालावें लागे. ह्यास फुमी-ए म्हणत. जो कचरला तो पकडला गेला. प्रत्येकाच्या पावलाकडे व चेहऱ्याकडे अधिकारी टक लावून पाहत असत. ही रीत १८५७ सालाच्या सुमारास बंद झाली, म्हणजे ती दोन शतकांहून अधिक काळ चालली होती.

अशा स्थितींत उराकामीच्या लोकांनीं काय केलें? त्यांनीं आपल्यांतलीच तीन प्रकारचीं माणसें निवडलीं. पहिला चोकाता, म्हणजे पंचांग राखणारा. साऱ्या गांवास हा एकच असे. कोणता दिवस रविवार, नाताळ केव्हां, उपवासकाळ केव्हां लागतो व पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशीं येतो, ह्याचा हिशेब तो जपानी चांद्र महिन्यांशीं मेळ घालून करी. दुसरा मिझुकाता, म्हणजे पाणी देणारा. हा प्रत्येक वाडींत एक असे व नव्या जन्मलेल्या मुलांस स्नानसंस्कार देई. तिसरा किकियाकु, म्हणजे ऐकणारा. चोकातानें काढलेले सणवार तो घरोघर कानांत सांगे व घरोघरची बातमी परत पोंचवी. ह्या योजनेंत कोणी पंडित नव्हता. दिवसां हींच माणसें चिखलांत भात लावीत व जाळीं ओढीत.

ह्या तीन कामांकडे थोडें बारकाईनें पाहिलें म्हणजे त्यांची दूरदृष्टि कळून येते. स्नानसंस्कार हा असा संस्कार आहे कीं, गरजेच्या वेळीं तो कोणीही मनुष्य देऊं शकतो, फक्त पाणी खरें असावें, शब्द बरोबर असावे व हेतु ख्रिस्तसभेचा असावा. ही शिकवण जुन्या मिशनरी लोकांनीं त्यांस देऊन ठेविली होती, आणि तिच्याच आधारावर हें सारें घर उभें राहिलें. पवित्र मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, अंत्याभ्यंग नाहीं. पण पाणी होतें, आणि पंचांग होतें. प्रार्थनेस ते ओराशो म्हणत. त्या प्रार्थनांतील लातिन व पोर्तुगीज शब्दांचा अर्थ कालांतरानें पुष्कळांस कळेनासा झाला, तरी आईनें मुलास व बापानें लेकास त्या तोंडपाठ करविल्या. चीनमधून येणाऱ्या पांढऱ्या मातीच्या कान्नोन देवतेच्या मूर्ति, विशेषतः मांडीवर मूल असलेल्या, ते घरांत ठेवीत व त्यांपुढें पवित्र मरियेची भक्ति करीत. घरीं कोणी वारला तर कायद्यानें बौद्ध भिक्षूस बोलवावें लागे. कांहीं गांवीं तो आपलीं सूत्रें म्हणत असतां शेजारच्या खोलींत घरचीं माणसें हलक्या आवाजांत आपली ओराशो म्हणत असत.

आतां आम्ही अशा गोष्टीकडे वळतों कीं जी बोलतांना पुष्कळ लेखक अडखळतात. गुरुविद्यालयांत आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलों तेव्हां रक्तसाक्ष्यांचीं चरित्रें मोठ्या आदरानें शिकविलीं गेलीं, आणि त्यांच्या रक्तावर ख्रिस्तसभा वाढते हें जुनें वचन आम्हीं अनेकदां व्यासपीठावरून सांगितलेलेंही आहे. परंतु १६४४ नंतर उराकामीच्या बालकांवर ज्यांनीं पाणी ओतलें ते रक्तसाक्षी नव्हते. ते जिवंत राहिलेले लोक होते. आणि जिवंत राहिले ते बहुतेक सर्व दरवर्षीं त्या प्रतिमेवर पाय ठेवूनच राहिले. सकाळीं अधिकाऱ्यापुढें पाय ठेवावा, घरीं यावें, दार लावावें आणि गुडघे टेकून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणावी, असें त्यांचें वर्ष सुरू होई. १६०३ सालीं छापलेली पूर्ण पश्चात्तापावरची एक लहानशी पुस्तिका ह्या लोकांत हस्तलिखितांच्या रूपानें पिढ्यान्पिढ्या फिरत राहिली. पाप सांगण्यास धर्मगुरु नसेल तर, देवावरील प्रीतीस्तव मनापासून पश्चात्ताप करावा व धर्मगुरु भेटतांच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवावा, म्हणजे देव क्षमा करतो, असें तींत शिकविलें होतें. धर्मगुरु भेटेल तेव्हां! सात पिढ्या हा निश्चय करीत राहिल्या, आणि त्यांतल्या सहा पिढ्या धर्मगुरूचें तोंड न पाहतां मातीआड गेल्या.

प्रतिमेवर पाय ठेवणें निर्दोष होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तसें त्यांनींही म्हटलें नाहीं. नाहीं तर त्यांस पश्चात्तापाच्या प्रार्थनेची गरजच पडली नसती. पण ज्या पेत्रानें कोंबडा आरवण्यापूर्वीं तीनदां प्रभूस नाकारलें, त्याच्याच हातीं प्रभूनें आपलीं मेंढरें सोंपविलीं, हें शुभवर्तमानांत आपण वाचतों. रक्तसाक्ष्यांस वेदीवर मान आहे आणि तो असावाच. पण त्या दुबळ्या, रडणाऱ्या, पुन्हां पुन्हां उठणाऱ्या आयाबापांवांचून नागासाकीची ख्रिस्तसभा १६४४ सालींच संपली असती. २४ नोव्हेंबर २००८ रोजीं नागासाकी येथें पेद्रो किबे व त्यांचे १८७ सोबती यांस धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें. त्या १८८ जणांत १८३ प्रापंचिक होते. नांवें ठाऊक असलेल्यांची ही गोष्ट झाली. ज्यांचीं नांवें कोठेंच नाहींत अशा मिझुकातांची गणना कोण करील?

नागासाकीच्या किनाऱ्यावर सोतोमे भागांत एक परंपरा चालत आली होती. बास्तियान नांवाच्या एका जपानी धर्मशिक्षकानें मरणापूर्वीं सांगून ठेविलें होतें कीं, सात पिढ्यांनंतर काळ्या मोठ्या जहाजांतून धर्मगुरु येतील व लोक पुन्हां पापनिवेदन करूं शकतील. उराकामींत चोकाताचें काम एकाच घराण्यांत चालत आलें होतें. त्यांतला सातवा चोकाता किचिझो हा १८५६ सालच्या धरपकडींत सांपडला आणि कैदेंत मरण पावला. त्यानंतर नऊ वर्षांनीं तो दिवस उजाडला.

जपानचीं बंदरें उघडल्यावर परदेशी रहिवाशांस आपल्या धर्माप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक तहानें मिळाली होती. तिचा आधार घेऊन पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेच्या धर्मगुरूंनीं नागासाकीच्या ओउरा भागांत एक देऊळ बांधलें व फेब्रुवारी १८६५ मध्यें त्याचें आशीर्वचन झालें. जपानी माणसानें तेथें प्रार्थना करणें हा मात्र अजून गुन्हाच होता. तें देऊळ कोणाच्या नांवें अर्पण केलें होतें? निशिझाका टेकडीवरच्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नांवें. तीनच वर्षांपूर्वीं, ८ जून १८६२ रोजीं, नववे पायस पोप महाराज यांनीं त्यांस संतपद दिलें होतें. म्हणजे पुढें जें घडलें तें आपल्या गोन्सालोच्याही देवळांत घडलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१७ मार्च १८६५, शुक्रवार. दुपारीं बारा-पंधरा माणसें, त्यांत बायका व मुलेंही, देवळाच्या दाराशीं येऊन उभीं राहिलीं. फादर पेतीजां यांनीं दार उघडलें व आंत जाऊन ते वेदीपुढें गुडघे टेकून प्रार्थना करूं लागले. एका प्रार्थनेपुरता वेळ गेला असेल नसेल, तोंच एक बाई त्यांच्याजवळ आली आणि छातीवर हात ठेवून हलक्या आवाजांत म्हणाली कीं, आम्हां सर्वांचें अंतःकरण तुमच्या अंतःकरणासारखेंच आहे. तिनें पुढें विचारलें, सांता मारियाची मूर्ति कोठें आहे? पेतीजां यांनीं त्यांस मरियेच्या वेदीपाशीं नेलें. तिच्या कडेवरचें बाळ पाहून त्यांस हर्ष आवरेना. मग तीं सांगूं लागलीं: आम्ही प्रभूचा जन्मदिवस पाळतों, सध्यां दुःखाचा काळ चालू आहे, आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे, तुम्हीही तो पाळतां काय?

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्च रोजीं होता. तेव्हां १७ मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस ठरतो. रोमहून एकही पत्र न येतां, छापील पंचांग न पाहतां, सात चोकातांनीं एकमेकांच्या हातीं दिलेला हिशेब एका दिवसानेंही चुकला नव्हता. त्यानंतर गांवोगांवचे मिझुकाता धर्मगुरूंस भेटण्यास येऊं लागले. तेही आंधळेपणानें विश्वासले नाहींत. तुम्ही रोमच्या महाराजांच्या आज्ञेंत आहां काय, तुम्हांस बायकामुलें आहेत काय, असें त्यांनीं धर्मगुरूंस विचारलें. खरा धर्मगुरु कसा ओळखावा ह्याच्या खुणा त्यांच्या पणजोबांनीं त्यांस सांगून ठेविल्या होत्या.

मात्र छळ अजून संपला नव्हता. धर्मगुरु भेटल्यावर उराकामीच्या लोकांनीं आपल्या मृतांसाठीं बौद्ध भिक्षूस बोलावणें बंद केलें, आणि जुलै १८६७ मध्यें धरपकड सुरू झाली. १८६८ सालीं तोकुगावांची सत्ता जाऊन नवें मेजी सरकार आलें. तें पाश्चात्य सुधारणा घेत होतें, पण बंदीचे फलक त्यानें पुन्हां लावले. प्रथम गांवचे ११४ प्रमुख लोक, आणि १८७० मध्यें सारें गांव, असे सुमारे ३,४०० स्त्रीपुरुष व मुलें देशभर वीसएक ठिकाणीं पांगविण्यांत आलीं. थंडी, उपासमार व यातना यांमुळें त्यांतील ६०० हून अधिक दगावलीं. त्सुवानो येथें युजिरो मोरियामा नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा छळानें मरण पावला. कांहीं जण यातनांपुढें वांकले, पण त्यांतील पुष्कळ पुढें परत आले. ह्या हद्दपारीस उराकामीचे लोक ‘प्रवास’ एवढेंच म्हणत असत. युरोप-अमेरिकेंत ह्याबद्दल ओरड झाली, जपानी वकिलातीस ठिकठिकाणीं त्याचा जाब द्यावा लागला, आणि २४ फेब्रुवारी १८७३ रोजीं ते फलक काढण्यांत आले.

परत आले तेव्हां घरें पडलीं होतीं व शेतांत तण माजलें होतें. १८७४ सालीं सांथीचा रोग आला. त्या वेळीं इवानागा माकी ह्या हद्दपारीहून परतलेल्या तरुणीनें व तिच्या सोबतिणींनीं फादर द रोत्झ यांच्या मार्गदर्शनाखालीं रोग्यांची शुश्रूषा केली व अनाथ मुलें आपल्या घरीं आणून वाढविलीं. त्यांतूनच पुढें तेथील धर्मभगिनींचें मंडळ उभें राहिलें. १८८० सालीं गांवकऱ्यांनीं गांवच्या पाटलाचा वाडा विकत घेतला. ह्याच वाड्यांत त्यांच्या वाडवडिलांस प्रतिमेवर पाय ठेवावा लागत असे. त्याच जागीं त्यांनीं देऊळ उभारलें. मोठ्या देवळाचें काम १८९५ सालीं सुरू होऊन १९१४ सालीं पुरें झालें, व त्याचे दोन मनोरे १९२५ सालीं चढले.

वीसच वर्षें ते मनोरे उभे राहिले. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब फुटला तो ह्या देवळापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. त्या वेळीं स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीचें पापनिवेदन चाललें होतें. आंतील दोन धर्मगुरु व सर्व भाविक जागच्या जागीं गेले. धर्मग्रामाच्या सुमारे १२,००० लोकांपैकीं ८,५०० च्या आसपास मेले. डॉक्टर ताकाशी नागाई यांस आपल्या घराच्या राखेंत पत्नी मिदोरी हिच्या अस्थि व वितळलेली जपमाळ सांपडली; ही मिदोरी चोकातांच्याच घराण्यांतली होती. जे वांचले त्यांनीं ढिगाऱ्यांतून एक घंटा उकरून काढली, आणि त्याच वर्षीं नाताळच्या पूर्वरात्रीं ती वाजविली. देऊळ १९५९ सालीं पुन्हां उभें राहिलें.

सर्वच गुप्त ख्रिस्ती ख्रिस्तसभेंत परतले असें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. इकित्सुकी वगैरे बेटांवरच्या कांहीं कुटुंबांनीं वाडवडिलांनीं जशी दिली तशीच ओराशो म्हणत राहणें पसंत केलें. त्यांस दूषण देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. मौल्यवान् वस्तु फार काळ मुठींत घट्ट धरून ठेवली म्हणजे मूठ उघडणें अवघड जातें, एवढेंच आम्ही समजतों. २०१८ सालीं ह्या सर्व लोकांच्या बारा स्थळांस युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला.

आतां आपल्याकडे वळूं. महोत्सवाच्या ह्या दिवसांत आम्हां धर्मगुरूंचे सत्कार होत आहेत, व त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. पण उराकामीची हकीकत वाचल्यावर एक प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. आपलें देवळाचें दार उद्यां कांहीं वर्षांसाठीं बंद झालें तर आपल्या धर्मग्रामांत काय उरेल? कोणत्या घरीं पंचांग राखलें जाईल? मरणोन्मुख बालकास पाणी देतांना कोणते शब्द म्हणावेत हें किती आईबापांस ठाऊक आहे? पूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना किती जणांस तोंडपाठ आहे? ही नुसती कल्पना नव्हे. गुरुविद्यालयाकडे वळणारीं मुलें पूर्वीच्या मानानें कमी झालीं आहेत हें आम्ही पाहत आहों. संध्याकाळची जपमाळ कांहीं घरांत अजून चालते, कांहीं घरांत ती आजीबरोबर थांबली. छळानें जें मोडलें नाहीं तें सुखानें मोडूं शकतें.

म्हणून महोत्सवाचें एक लहानसें काम आम्ही प्रत्येक घरास सुचवितों. एका कागदावर, ज्यानें वा जिनें आपणांस पहिला क्रूस करावयास शिकविला त्या माणसाचें नांव लिहावें. मग ती आजी असो, आत्या असो, शेजारीण असो, देवळाचा सेवक असो, कीं धर्मशिक्षणाचे जुने मास्तर असोत. त्याखालीं, आपण स्वतः ज्या मुलास तें शिकविलें त्याचें नांव लिहावें. दुसरी ओळ रिकामी असेल तर ती ह्या वर्षीं भरावी. सणाच्या दिवशीं हे सर्व कागद आम्ही अर्पणाच्या वेळीं वेदीवर ठेवूं. आपल्या धर्मग्रामाचा खरा इतिहास त्या कागदांवर असेल, आणि तो ह्या स्मरणिकेपेक्षां मोठा असेल.

संत गोन्सालो गार्सिया यांच्या व नागासाकीच्या सर्व साक्षीदारांच्या मध्यस्थीनें देव आपणां सर्वांस, आणि ज्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत त्या आपल्या पूर्वजांस, आपल्या कृपेंत ठेवो.